रोजच्या चार ओळी

सेवानिवृत्त होऊन आम्हांस आतां सहा वर्षें होत आलीं. निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यांतली गोष्ट. शेजारचे एक गृहस्थ सकाळीं ओसरीवर येऊन बसले. आम्ही नेहमींप्रमाणें चष्मा लावून, पुस्तक उघडून बसलों होतों. तें पाहून ते म्हणाले, "मास्तर, आतां कसलें हो हें वाचन? परीक्षा संपल्या, पोरें गेलीं, तपासणीस यायचे बंद झाले. आतां वाचून-लिहून तुम्हांला मिळवायचें तरी काय?" आम्हीं हंसून वेळ मारून नेली व चहा मागविला, परंतु ते उठून गेल्यावर त्यांचा प्रश्न मात्र ओसरीवरच बसून राहिला.

परीक्षेसाठीं, नोकरीसाठीं, व्यवहारासाठीं लिहावें-वाचावें हें सर्वांस कळतें. परंतु ज्यास कोणती परीक्षा द्यावयाची नाहीं, कोठें अर्ज करावयाचा नाहीं, किंवा ग्रंथकार म्हणून नांव मिळवावयाचें नाहीं, अशा सामान्य संसारी स्त्रीपुरुषानें रोज थोडें वाचावें व थोडें लिहावें, यांत त्याचें स्वतःचें हित तें कोणतें? या प्रश्नाचें उत्तर आम्हीं प्रथम ग्रंथांत शोधलें. सांपडलें मात्र तें आमच्याच घरच्या माळ्यावर, एका गंजलेल्या पत्र्याच्या ट्रंकेंत. तें कसें, हें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. सांगण्यासारख्या गोष्टींत आमची फजितीही आली आहे. पण ती वगळून सांगितल्यास सांगण्यांत अर्थ उरणार नाहीं.

प्रथम आमच्या धंद्याचा एक दोष कबूल केला पाहिजे. आम्हीं चौतीस वर्षें मराठी व संस्कृत शिकविलें. या काळांत मुलांकडून किती निबंध लिहवून घेतले याची गणती नाहीं. 'पावसाळ्यांतील एक दिवस', 'नदीचें आत्मवृत्त', 'माझी आई'. विषय ठरलेले, मुद्दे फळ्यावर मांडलेले, आरंभ कसा करावा व शेवटीं कोणतें सुभाषित घालावें तेंही आमचें आम्हींच सांगितलेलें. 'माझी आई' या निबंधांत चाळीस मुलांच्या चाळीस आया पहांटे उठत, देवपूजा करीत व मुलांवर सुसंस्कार करीत. एकदां एका मुलानें लिहिलें कीं, माझी आई रागावली म्हणजे बोलत नाहीं, पितळेचीं भांडीं फार जोरानें घांसते. आम्हीं त्या वाक्याखालीं तांबडी रेघ ओढली व समासांत लिहिलें, 'विषयांतर.' त्या मुलाचें नांव आज आम्हांस आठवत नाहीं. वाक्य मात्र आठवतें. चाळीस निबंधांत आई म्हणून जी कोणी दिसली ती त्या एका वाक्यांत, आणि त्याच वाक्याखालीं रेघ ओढणारा हात आमचा.

त्याचें प्रायश्चित्त निवृत्तीनंतर घडलें. आमच्या जांवयांनीं नववर्षाची भेट म्हणून एक सुरेख, सोनेरी कडेची रोजनिशी दिली. पहिल्या जानेवारीस स्नानसंध्या आटोपून आम्ही मोठ्या उत्साहानें लेखणी घेऊन बसलों. अर्धा तास गेला. अखेर कागदावर उतरलें तें एवढेंच: 'काळ अनंत आहे. मनुष्यानें त्याचा सदुपयोग करावा.' त्या दिवशीं घरांत काय घडलें, आमच्या मनांत काय चाललें होतें, यांपैकीं एक अक्षरही त्यांत नव्हतें. चौतीस वर्षें दुसऱ्यांस लेखन शिकविणाऱ्या मास्तरास स्वतःचें एक पान लिहितां येईना! आठ दिवसांत ती रोजनिशी कपाटांत गेली.

वाचनाची गोष्ट निराळी. वाचनाची गोडी आम्हांस लागली ती शाळेंत नव्हे, माजघरांत. कृष्णेच्या कांठीं आमचें जुनें घर. तीन चुलत्यांचा एकत्र संसार. आमच्या आईस छापील पोथी उत्तम वाचतां येई, लिहितां मात्र येत नसे. तिच्या पिढींतील पुष्कळ स्त्रियांची हीच स्थिति होती. चातुर्मासांत दुपारचीं उष्टींखरकटीं निघालीं कीं ती श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप घेऊन बसे. काकू, आत्या, शेजारच्या दोघीतिघी वाती वळीत ऐकत. द्रौपदी सभेंत ओढली जाण्याचा प्रसंग आला कीं वाती वळणारे हात थांबत. आमच्या एक आत्या लहानपणींच माहेरीं परत आल्या होत्या. एरवीं त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्याचें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं; पण त्या प्रसंगीं त्या हटकून पदर डोळ्यांस लावीत. स्वतःचें दुःख बोलून दाखविण्याची त्या घरांत सोय नव्हती. द्रौपदीचें दुःख ऐकण्याची होती. वाचनानें ज्ञान वाढतें, भाषा सुधारते, बहुश्रुतता येते, हें सर्व खरें आहे व आम्हीं तें वर्गांत पुष्कळदां सांगितलें आहे. पण वाचनाचा पहिला उपयोग आम्हीं पाहिला तो हा. ज्या गोष्टीस आपल्या घरांत शब्द नसतात, तिला दुसऱ्या कोणीं तरी शब्द दिलेले असतात. ते कानीं पडले म्हणजे मनुष्य एकटा राहत नाहीं.

परंतु एवढ्यानें काम पुरें होत नाहीं, हेंही आम्हीं त्याच घरांत शिकलों. आमच्या वडील बहिणीचें सासर वऱ्हाडांत होतें. त्या काळीं तिकडून वर्षावर्षांत येणें होत नसे. पंधरवड्यास आई तिला पत्र पाठवी. आई सांगे व आम्ही लिहीत असूं. आमचें वय तेव्हां दहाबारा वर्षांचें. 'चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद' येथपर्यंत ठीक चाले. मग आई म्हणे, "तिला लिही कीं..." आणि थांबे. चुलीकडे पाही. मग म्हणे, "नको, राहूं दे. लिही, इकडील सर्व कुशल, तुझें कुशल कळवीत जावें." आम्हांस खेळावयास जाण्याची घाई असे, पत्र लवकर संपलें याचाच आनंद होई.

आई गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं ताई एकदां बोलतां बोलतां म्हणाली, "आईचीं सगळीं पत्रें मीं जपून ठेवलीं आहेत. पण खरें सांगूं का तुला? तीं तुझीं पत्रें आहेत. अक्षर तुझें, आणि मजकूरही तुझ्यासमोर बोलतां येईल तेवढाच. आईचें पत्र मला एकही आलें नाहीं." यावर आम्हीं काय उत्तर द्यावें? आई जिवंत असतांना, आम्ही शिक्षक झाल्यावर सुद्धां, तिला बाराखडी गिरवावयास बसवावें हें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. गांवांतल्या पोरांस शिकविलें. घरची आई राहून गेली. लिहितां न येणें म्हणजे सही करतां न येणें एवढेंच आम्हीं समजत होतों. लेकीशीं एकान्तांत दोन शब्द बोलण्याचें साधन तिच्या हातीं नव्हतें, हें ताईच्या त्या वाक्यानें प्रथम कळलें.

येथें रमाबाई रानड्यांचें स्मरण होतें. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचा न्यायमूर्ति माधवराव रानड्यांशीं विवाह झाला. माधवरावांनीं त्यांस स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस तें रुचलें नाहीं. टोमणे व अबोला हें सर्व त्या लहान वयांत त्यांनीं निमूटपणें सोसलें. माधवराव १९०१ सालीं निवर्तले. पुढें १९१० सालीं रमाबाईंनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक लिहिलें. माधवरावांचें सार्वजनिक कार्य सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत व ते रमाबाईंवांचूनही झाले असते. परंतु तो थोर पुरुष घरांत कसा वागे, कसा बोले, पत्नीस कसें शिकवी, हें आज आपल्यास कळतें तें एका मुलीनें बोलणीं खाऊन जी अक्षरें गिरविलीं त्यांमुळें. तीं अक्षरें पाटीवरच राहिलीं असतीं तर त्या घराचें दार आपल्यास कायमचें बंद राहिलें असतें.

आतां ट्रंकेकडे वळावयाचें. पण त्यापूर्वीं स्मरणशक्तीविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण आमच्यासारख्या पाठशाळेंत वाढलेल्या मनुष्याचा खरा अभिमान तोच. आपली परंपरा मुखपाठाची. पाणिनीय शिक्षेंत वाईट पाठकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाण्यासारखें म्हणणारा, घाई करणारा, डोकें हालविणारा, लिहिलेलें पाहून म्हणणारा, अर्थ न जाणणारा व आवाज बारीक असलेला. लिहिलेलें पाहून म्हणणें हाही दोषच! आमचे गुरुजी पोथी मिटवून म्हणावयास लावीत, आणि त्या शिस्तीचें ऋण आम्ही जन्मभर मानूं. पण एक भेद आमच्या लक्षांत फार उशिरां आला. मंत्राचें अक्षर हलूं नये म्हणून आपल्या पूर्वजांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी मोठी तटबंदी उभारली. आपल्या घरांतल्या गेल्या वर्षींच्या गोष्टीस अशी तटबंदी कोठें आहे? ती गोष्ट मन दर खेपेस थोडी बदलून म्हणतें, आणि प्रत्येक नव्या पाठांत आपणच अधिकाधिक शहाणे व सोशिक ठरत जातों. संथा देणारा गुरु जवळ नसतो, म्हणून चूक दाखविणारेंही कोणी नसतें.

आमच्या वडिलांस तीसेक वर्षांपूर्वीं अर्धांगवायूचा झटका आला व ते चौदा महिने अंथरुणावर होते. आम्ही घरीं, धाकटे बंधु मुंबईस नोकरीवर. त्या चौदा महिन्यांविषयीं आमच्या मनांत एक गोष्ट पक्की होऊन बसली होती. ती अशी कीं, औषधपाण्याचा सारा भार आम्हींच उचलला. धाकट्यानें पहिले दोन महिने पैसे पाठविले व पुढें हात आंखडता घेतला. ही गोष्ट आम्ही तोंडानें कोणापाशीं बोललों नाहीं. न बोलण्यांत आपला मोठेपणा आहे असेंच वाटे. पण मनांत धरलेली गोष्ट वागण्यांत उतरल्यावांचून राहत नाहीं. बंधु सणासुदीला येत तेव्हां आम्ही बेतानेंच बोलत असूं. निवृत्तीच्या आदल्या वर्षीं मुलाच्या शिक्षणासाठीं त्यांनीं आमच्याकडे कांहीं रक्कम उसनी मागितली. आमच्याजवळ ती होती. आम्हीं कळविलें, 'सध्यां अडचण आहे.' तेव्हां मनांत म्हटलें, तूं केलेंस तेंच तुला मिळतें आहे.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या घरांतून ती ट्रंक माळ्यावरून खालीं काढविली. आंत त्यांच्या हिशेबाच्या वह्या होत्या, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या. त्या सातवी शिकलेल्या. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं त्या वही घेऊन बसत हें आम्ही पाहत आलों होतों. मीठ-मिरचीचा हिशेब, त्यांत आपण काय पाहावयाचें, म्हणून एकही वही कधीं उघडून पाहिली नव्हती. त्या दिवशीं सहज हातीं आली ती नेमकी वडिलांच्या आजारपणाच्या वर्षाची. प्रत्येक दिवसाचा हिशेब, आणि हिशेबाखालीं एकदोन ओळी. 'मामंजींनीं आज आपल्या हातानें दोन घांस घेतले.' 'पाऊस नाहीं, विहीर उतरली.' 'वन्सं आल्या. शेवग्याच्या शेंगा आणल्या.' आणि दर महिन्याच्या दहाबारा तारखेच्या सुमारास, 'धाकट्या भावोजींची मनिऑर्डर, ३०० रु.'

आम्ही पानें उलटीत गेलों. तिसरा महिना, चौथा, पांचवा, सातवा. एकही महिना चुकला नव्हता. बाराव्या महिन्यांत मात्र रक्कम निराळी होती: 'भावोजींची म. ऑ. १५० रु. पगार वेळेवर झाला नाहीं म्हणून कुपनावर माफी मागितली आहे.' त्याच्या पुढच्या महिन्यांत ४५० रुपये.

हें कसें झालें याचा उलगडा होण्यास वेळ लागला नाहीं. घरखर्च सौ.च्या हातांतून होई, म्हणून बंधु मनिऑर्डर तिच्याच नांवानें पाठवीत. पोस्टमन दुपारीं येई, तेव्हां आम्ही शाळेंत. पहिले दोन महिने आम्ही रजेवर होतों. म्हणून त्या दोन मनिऑर्डरी डोळ्यांनीं पाहिल्या. पुढच्या डोळ्यांआड आल्या, आणि जें आम्हीं पाहिलें नाहीं तें घडलेंच नाहीं, असें आमच्या मनानें खुशाल ठरवून टाकलें. आम्हीं सौ.स विचारलें, "इतक्या वर्षांत हें मला सांगितलें कसें नाहीं?" ती म्हणाली, "तुम्हीं विचारलेंत कधीं? पैसे येताहेत, त्यांत सांगायचें काय? तुमच्या मनांत असलें कांहीं आहे, हें मला कसें कळावें?" याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुखपाठाचा अभिमान बाळगणाऱ्या संस्कृत मास्तराचा पाठ खोटा ठरला होता, आणि सातवी शिकलेल्या बाईची वही खरी.

त्या रात्रीं आम्हीं बंधूंस पत्र लिहावयास घेतलें. पहिल्या खर्ड्यांत भ्रातृप्रेमावर दोन सुभाषितें आलीं, तो फाडला. दुसऱ्यांत चूक आमची कीं परिस्थितीची याचा ऊहापोह झाला, तोही फाडला. चौथ्या खेपेस जें उतरलें तें अर्धें पान होतें. काय समजत होतों, वहींत काय सांपडलें, आणि तूं पैसे मागितलेस तेव्हां माझ्याजवळ होते, एवढेंच त्यांत होतें. निवृत्तीनंतर, किंबहुना जन्मांत, आमच्या हातून उतरलेलें तें पहिलें खरें पान असें आम्हांस वाटतें. उत्तर तीन ओळींचें आलें. त्यांतली एक ओळ अशी होती: 'वहिनींच्या वहींतलें तें पान मला एकदां पाहायचें आहे.' चैत्रांत ते आले. जेवणें झाल्यावर सौ.नें वही त्यांच्यापुढें ठेवली. त्यांनीं चष्मा लावून चौदाही नोंदी पाहिल्या. १५० रुपयांच्या ओळीवर त्यांचें बोट जरा थांबलें. मग वही मिटून म्हणाले, "दादा, हा महिना मीसुद्धां विसरलों होतों." पुतण्याचें शिक्षण तोंवर कर्ज काढून पुरें झालें होतें. त्या वेळचें आमचें 'नाहीं' आज कोणत्याही लेखणीनें खोडतां येणार नाहीं. भाऊ मात्र परत मिळाला.

या वहीविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. एवढा मोठा अध्यात्मग्रंथ सांगतांना समर्थांस अक्षर कसें असावें, ओळी कशा असाव्यात, हें सांगणें आवश्यक वाटलें, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें अक्षर म्हातारपणीं वाचतां येत नाहीं, म्हणून मध्यम लिहावें. आणि चहूंबाजूंस कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षरास धक्का लागत नाहीं, असें त्यांत सुचविलें आहे. सौ.नें तो समास वाचलेला नव्हता. पण वहीच्या कडा कसरीनें खाल्ल्या असूनही एक आंकडा गेला नव्हता, आणि आमच्या आजच्या दृष्टीसही तें अक्षर चष्म्यानें स्वच्छ लागलें. आपण आज लिहितों तें आपल्याच म्हाताऱ्या डोळ्यांसाठीं लिहितों, हें समर्थांस ठाऊक होतें व सौ.सही ठाऊक होतें. आम्हांस तेवढें नव्हतें.

येथें कोणी म्हणतील, तुम्हीं रोजनिशी ठेविली असती तर हा घोटाळा झालाच नसता. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या काळीं आम्हीं रोजनिशी लिहिली असती तर तींत बंधूंवरचा राग मोठ्या डौलदार संस्कृतप्रचुर भाषेंत नोंदला गेला असता, आणि आज तो वाचून आम्हीं स्वतःस अधिकच न्यायी समजलों असतों. सौ.च्या वहींत जें घडलें तें होतें. त्यावरचें मत नव्हतें. काय आलें, काय गेलें, कोण काय बोललें, कोणी किती घांस खाल्ले. त्या मुलाच्या निबंधांतील पितळेच्या भांड्यांसारखेंच. आमच्या समजुतीप्रमाणें घरगुती लेखनाचें सारें रहस्य यांतच आहे. घडलेलें आधीं लिहावें. मत मागाहून, जागा उरल्यास.

आणि न लिहिल्यानें काय हरवतें याची कल्पना यावयास बहिणाबाई चौधरींचें उदाहरण पुरेसें आहे. त्यांचा जन्म १८८० चा. जळगांवकडच्या शेतकरी कुटुंबांतील ही स्त्री. अक्षरओळख नव्हती. शेतांत व जात्यावर काम करतांना त्या आपल्या बोलींत ओव्या रचीत. घरांतल्या मुलांनीं, मुख्यतः पुत्र सोपानदेवांनीं, त्या वेळोवेळीं टिपून ठेवल्या. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्र्यांस दाखविली, आणि १९५२ सालीं ते काव्य पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आलें. कोणीं कागद पुढें ओढलाच नसता तर मराठी भाषेस आपण काय गमावलें हेंही कळलें नसतें. प्रत्येक घरांत बहिणाबाई नसते, हें खरें. पण प्रत्येक घरांत असें कोणी तरी असतेंच कीं, जिच्या तोंडचें वाक्य तिच्यामागें कोणास आठवणार नाहीं. आमच्या आईचीं 'तिला लिही कीं...' येथें थांबलेलीं वाक्यें आतां कोठून आणावयाचीं?

तेव्हां आमच्या वाचकांस, व विशेषतः भगिनींस, अनुभवावरून चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली वाचनाची. रात्रीं जेवणें झाल्यावर पाव तास घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें व एकानें मोठ्यानें वाचावें. पुस्तक कोणतेंही चालेल. पाळी मात्र सर्वांची असावी, पोरांची व आजोबांचीही. शेजारीं बसून कोणी भाजी निवडील, कोणी बटणें लावील. त्यानें वाचनास बाध येत नाहीं. स्त्रियांस वेळ कोठें आहे, असा आक्षेप येथें नेहमीं निघतो व तो खरा आहे. त्यावर उपाय सोपा आहे. जेवणानंतरचीं पानें पुरुषांनीं उचलावीं. आम्ही दोन वर्षें उचलीत आहों. ब्राह्मण्यास कांहीं झालें नाहीं.

दुसरी सूचना वहीची. सोनेरी कडेची रोजनिशी घेऊं नये. तिच्या भीतीनेंच हात थांबतो. साधी शाळकरी वही घ्यावी, तारीख घालावी व चार ओळी लिहाव्या. काय लिहावें हें सुचेनासें झालें तर आज घरीं कोण आलें व काय शिजलें तें लिहावें. त्यावांचून कांहीं सुचलें नाहीं तरी हरकत नाहीं. तीस वर्षांनीं तेंच मोलाचें ठरतें.

तिसरी सूचना एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस आहे. मुलाची, मुलीची किंवा सुनेची वही तिच्या परवानगीवांचून उघडूं नये, आणि उघडावयास मिळाली तर ऱ्हस्वदीर्घ सुधारूं नये. जेथें कोणी डोकावून पाहतें तेथें मनुष्य 'इकडील सर्व कुशल' एवढेंच लिहितो.

चौथी सूचना पत्राची. आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. क्षणांत आवाज ऐकूं येतो, चेहरा दिसतो. ही सोय मोठी आहे, आणि आमच्या आईच्या काळीं ती असती तर तिचा जीव किती सुखावला असता! परंतु आम्हीं बंधूंस जें अर्ध्या पानांत लिहिलें तें त्यांच्याशीं बोलतांना तोंडांतून आलें नसतें. बोलतांना समोरच्याचा चेहरा पाहून मनुष्य शब्द गिळतो. लिहितांना तीन खर्डे फाडतां येतात. म्हणून वर्षांतून दोन तरी पत्रें हातानें लिहावीं. आणि जें बोलावयास जड जातें त्यासाठींच तीं राखून ठेवावीं.

आमची सोनेरी कडेची रोजनिशी अजून कपाटांतच आहे. तिच्याऐवजीं आम्हीं चाळीस पानी वही घातली असून सध्यां सातवी चालूं आहे. रात्रीं माजघरांत एका बाजूस सौ. आपली हिशेबाची वही घेऊन बसते, दुसऱ्या बाजूस आम्ही. गेल्या महिन्यांत आठ वर्षांच्या नातीनेंही वही मागितली. परवां तिनें आपण होऊन पहिलें पान आमच्या हातांत दिलें. त्यांत लिहिलें होतें, 'आजोबा वाचताना ओट हालवतात. आजी हसते.' ओठ हा शब्द चुकला होता. आमचा हात संवयीनें लेखणीकडे गेला. पण तो आवरला, आणि वही जशीच्या तशी तिला परत केली.

शेजारचे गृहस्थ अजूनही सकाळीं येतात व तोच प्रश्न अधूनमधून विचारतात. वाचून-लिहून काय मिळवायचें? आतां आम्ही त्यांस सांगतों कीं, आम्हांस एक धाकटा भाऊ मिळाला. ते हें थट्टेवारी नेतात. वाचक तसें करणार नाहींत अशी आशा बाळगून, व आज रात्रीं त्यांच्या घरीं एखादी नवी वही उघडली जाईल या भरंवशानें, आम्ही त्यांची रजा घेतों.